खिळा मारायचा नाही

चौदा वर्षांत पाच घरं झाली. पाचही भाड्याची, पाचही पुण्यात. आणि किल्ली हातात देताना पाचही मालकांचं शेवटचं वाक्य एकच, "बाकी काही नाही हो, फक्त खिळा तेवढा मारायचा नाही." एका काकांनी तर ते करारात टाइप करून घेतलं होतं: 'भिंतीस कोणत्याही प्रकारचा खिळा, स्क्रू अथवा हुक मारता येणार नाही.' भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यायची असते, ते काका साफ विसरले होते. खिळा मात्र पक्का लक्षात.

परवा ऑफिसातल्या एका पोरीने डबा खाताना विचारलं, "ताई, नव्या फ्लॅटला पडदे शिवून घेऊ की जुन्या चादरी टांगू? भाड्याचंच तर आहे, कशाला खर्च!" त्या 'कशाला खर्च'वर मी इतकी बोलले की पोळी तशीच राहिली. तरी मन भरलं नाही, म्हणून इथे लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊनच बसा.

आधी आमच्या आईचं सांगते. बाबांची नोकरी बदलीची, दर तीन-चार वर्षांनी नवं गाव आणि नवी भाड्याची खोली. १९८६ साली आईने काचेच्या नळ्या आणि मण्यांचं एक तोरण केलं. हिरव्या-पांढऱ्या नळ्या, मधे लाल मण्यांचे पोपट. केलं आणि जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवलं, 'स्वतःच्या घराला लावू' म्हणून. ते तोरण ट्रंकेतून सहा गावं फिरलं. २००९ साली एकदाचं घर झालं. वास्तुशांतीच्या आदल्या रात्री आईने धोतर उलगडलं तर आतला दोरा पार कुजलेला. उचललं आणि हातात फक्त पट्टी राहिली, मणी सगळ्या फरशीभर. आई काही रडली वगैरे नाही. म्हणाली, "झाडू आण आधी, कोणाच्या तरी पायात जाईल." मणी सुपलीतून बोर्नव्हिटाच्या बरणीत गेले आणि बरणी माळ्यावर.

तेव्हापासून 'स्वतःच्या घरात लावू' हे वाक्य माझ्या घरात कोणी बोललेलं मला चालत नाही.

आता खर्चाचा हिशोब. सध्याच्या घरात आल्यावर मी पडदे, दिवे, एक आरसा, चार कुंड्या, दोन सतरंज्या असं सगळं मिळून साडेसात हजारात बसवलं. करार २४ महिन्यांचा. म्हणजे महिन्याला तीनशे बारा रुपये. एका पिझ्झात जातात हो एवढे. शिवाय यातलं जवळजवळ सगळं पुढच्या घरी माझ्याबरोबर येणार. मग पैसे पाण्यात गेले कसे?

हो, पण ते २४ महिने मी भांडून मिळवलेत. घर सजवायचं की नाही हे माझ्या मते करारावरच ठरतं, दुकानात नंतर जायचं. एजंट सवयीने ११ महिन्यांचा करार पुढे करतो. का, विचारलं तर म्हणतो, "मॅडम, वर्षाच्या वर गेलं की रजिस्टर करावं लागतं." महाराष्ट्रात हे खोटं आहे. आपल्याकडच्या १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ३६. नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकाची. त्याने नोंदवला नाही आणि वाद झाला, तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्याच खऱ्या धरायच्या, उलट सिद्ध होईपर्यंत. हे एजंटला शांतपणे ऐकवलं की तो एकदम 'ताई' म्हणायला लागतो.

मुद्रांक शुल्कही काही फार नसतं. एकूण भाड्याच्या पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्या रकमेचाही पाव टक्का. भाडं २० हजार, डिपॉझिट ६० हजार, मुदत दोन वर्षं असेल तर हे सगळं १,२३० रुपयांत बसतं. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे मागतात ती घरी येऊन अंगठा घेणाऱ्याची आणि एजंटची हमाली. ११ महिन्यांचा करार केला की ही हमाली दरवर्षी आणि भाडेवाढीची घासाघीसही दरवर्षी. एजंटला तो का आवडतो ते कळलं ना? म्हणून मी दोन वर्षं मागते, दुसऱ्या वर्षी किती वाढणार तो आकडाही आत्ताच लिहून घेते. अकरा महिन्यांसाठी मीसुद्धा पडदे शिवले नसते.

घर बघण्यात मी भरपूर गाढवपणा केलाय. पहिलं घर संध्याकाळी सात वाजता बघितलं, गार वारा, समोर झाडं, लगेच टोकन दिलं. मार्चमध्ये कळलं की दोन्ही खिडक्या पश्चिमेला. दुपारी तीननंतर बेडरूमच्या भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखं वाटायचं. आता घर दोनदा बघते, एकदा दुपारी आणि एकदा रात्री आठच्या सुमाराला, जेव्हा सगळे घरी असतात, सगळ्यांचे नळ चालू असतात आणि पार्किंगची खरी परिस्थिती दिसते. पाण्याचं मालकाला विचारत नाही, वॉचमनला विचारते. "टँकर कितीला येतो?" असं विचारायचं. येतो का, असं नाही. तो बरोब्बर आकडा सांगतो. जमलं तर घर पावसाळ्यात बघावं. उन्हाळ्यात सगळ्या भिंती गुणी असतात. अख्खी खोली मळकी आणि एकच कोपरा ताजा रंगवलेला दिसला तर तिथे नाक लावून वास घ्यायचा, लाज वाटू द्यायची नाही. सिंकखालचं कपाट उघडून बघायचं. एजंट 'सेमी फर्निश्ड' म्हणतो त्याचा अर्थ दोन पंखे, एक गिझर आणि ओट्याखाली कुरकुरणाऱ्या ट्रॉल्या.

आणि नदीजवळ स्वस्तात तळमजला मिळत असेल तर शेजाऱ्यांना विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं. २५ जुलै २०२४ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडची एकतानगरी पाण्यात गेली. लोकांची कपाटं, गाद्या, फ्रिज सगळं चिखलात. असल्या फ्लॅटचं भाडं दोन हजारांनी कमी का, ते एजंट स्वतःहून सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र कितीही तपासून उपयोग नाही. फोनवर पहिला प्रश्न बजेटचा नसतोच, "आडनाव काय?" हा असतो. मग 'व्हेज का?', मग 'फॅमिली का?' माझी अडतीस वर्षांची मैत्रीण, पगार माझ्या दीडपट, तिला विचारलं, "एकट्याच? मग येणंजाणं कोणाचं असेल?" एका मुसलमान सहकाऱ्याने कोथरूड ते बावधन नऊ फ्लॅटना फोन केले. आडनाव सांगितलं की नऊच्या नऊ फ्लॅट 'आत्ताच गेले'. यावर मी काही शहाणपणा शिकवणार नाही. मला लाज वाटते एवढंच. आम्हाला घर पटकन मिळतं त्यात आमचं कर्तृत्व शून्य आहे.

असो. खिळ्याकडे येते.

मालकांची बाजूही मी ऐकून घेतली आहे. आत्ताच्या आमच्या काकांच्या आधीच्या भाडेकरूने बेसिनवर आरसा लावायला ड्रिल मारलं, ते नेमकं टाइल्सच्या आतल्या पाइपात. खालच्यांचं छत टपकलं, भांडण झालं, काकांना अख्खी भिंत फोडावी लागली. माणूस दुधाने पोळला की ताक फुंकणारच. म्हणून या वेळी मी रुसले नाही, थेट सौदा केला. "काका, सहा खिळे. बाथरूममध्ये एकही नाही. निघताना पुट्टीने बुजवून, रंगाचा हात मारून देईन." काका म्हणाले चार. मी म्हटलं, सहाच्या खाली संसार होत नाही. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस करून पाचावर तुटलं. आणि मी ते लगेच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं, 'आपल्या बोलण्याप्रमाणे पाच खिळे.' काकांचा अंगठा आला. त्याचा स्क्रीनशॉट अजून जपून ठेवलाय. किल्ली मिळाली त्याच दिवशी प्रत्येक भिंतीचा, फुटक्या टाइलचा, आधीच पडलेल्या भोकाचा फोटो काढून तोही पाठवला. डिपॉझिटची भांडणं याच फोटोंवर मिटतात.

ते चिकटवायचे हुक मिळतात ना, ते टाइल्सवर आणि काचेवर झकास. भाड्याच्या घरांना मारतात त्या स्वस्त डिस्टेंपरवर मात्र हुक आपल्याबरोबर रंगाचा पापुद्राही घेऊन खाली येतो. माझी सर्वांत मोठी चूक याच्याच जातीची. तिसऱ्या घरात ऑनलाइन मागवलेला चिकट वॉलपेपर हॉलच्या अख्ख्या भिंतीवर लावला, विटांच्या डिझाइनचा. (हो, मीही त्या साथीत सापडले होते.) पहिल्या पावसात मागून ओल धरली, फुगे आले. घर सोडताना ओढला तर रंग, पुट्टी सगळं बरोबर निघालं. नऊ हजार कापले गेले आणि मला तोंड उघडायला जागा नव्हती.

पडदे मात्र जमले, त्याचं सांगतेच. आईच्या दोन जुन्या इरकली साड्या होत्या, एक मोरपंखी आणि एक गूळकाळी. नेसून विरलेल्या नव्हत्या, पण घडीवर जरा कापायला लागल्या होत्या. साडी साडेपाच मीटर. सात फुटी दोन पडदे काढले की सव्वा मीटरच्या आसपास उरतं, त्यात पदर आला. काठ साडीच्या लांबीला असतात, त्यामुळे पडद्याच्या दोन्ही कडांना उभे उतरतात, वेगळी पट्टी लावायची गरजच नाही. टोपपदराचा लाल भाग होता, त्याचे उशांचे अभ्रे केले. कोपऱ्यावरच्या टेलरने मागे पांढरं अस्तर लावून दिलं. अस्तर लावाच, पश्चिमेच्या उन्हात सुती रंग वर्षभरात उडतो, हे पहिल्या घरात शिकले. रॉड खिडकीच्या आतल्या कडांमध्ये दाबून बसवायचा स्प्रिंगवाला घेतला, त्यामुळे त्यात एकही खिळा गेला नाही. सकाळी आठला त्या मोरपंखीतून ऊन आलं की हॉलची मळकट पिवळी भिंतसुद्धा बरी दिसते.

दुसरा स्वस्त उपाय म्हणजे दिवे. मालकाच्या पांढऱ्याफेक ट्यूबखाली जेवायला बसलं की दवाखान्यात पेशंटच्या उशाशी डबा खाल्ल्यासारखं वाटतं. मी जुना बाजारातून रविवारी एक पितळी स्टँड घासाघीस करून आणला, वायर नवी घातली, पिवळा बल्ब लावला. ट्यूब आता फक्त मुलगा अभ्यासाला बसला की लागते. फर्निचर घेताना एकच बघते, स्क्रूड्रायव्हरने सुटं होऊन टेम्पोत बसलं पाहिजे. एकसंध शिसवी पलंगाने चौथ्या घराच्या जिन्यात मला जे दिवस दाखवलेत ते मी विसरणार नाही. शेवटी चार हमाल, दोरखंड आणि बाल्कनी.

सासूबाई अजून म्हणतात, "दुसऱ्याच्या घराला किती नटवतेस!" घर दुसऱ्याचं आहे, मान्य. पण त्यातले मंगळवार-बुधवार आमचे आहेत ना? मुलगा पाच वर्षांचा होता तेव्हा तिसऱ्या घरात राहिलो, आता तो तेराचा आहे. त्याला 'आपलं घर' म्हटल्यावर कोणतं आठवेल? त्या विटांच्या वॉलपेपरचं आठवतं म्हणाला. फुग्यांसकट.

तर पाचापैकी एका खिळ्यावर घड्याळ आहे, एकावर आरसा, आणि दोन देवघराच्या फळीला गेले. पाचवा मुद्दाम राखून ठेवला होता. गेल्या महिन्यात आईने माळा आवरला आणि ती बोर्नव्हिटाची बरणी खाली काढली. डोळ्यांना दिसत नाही म्हणून शेजारच्या मुलीकडून सुईत दोरा ओवून घेत घेत, या वेळी नायलॉनच्या दोऱ्यात, उरलेल्या मण्यांचं अडीच फुटी तोरण करून कुरियरने पाठवलं. पोपट तीनच झालेत, एकाला चोच नाही.

तोरणाला दोन खिळे लागतात, माझ्याकडे एकच शिल्लक. संध्याकाळी काकांना फोन करते.