मागे दगड कोण लावणार?

गेल्या मंगळवारी रात्री पावणेदोनला फोन वाजला. निपाणीजवळचा तवंदी घाट उतरताना एका बारा चाकी गाडीचं मागचं टायर फुटलं होतं. पोराला उठवलं, जॅक, टॉमी (लोखंडी दांडा), पाने पिकअपमध्ये टाकले आणि निघालो. पाऊस बारीक होता, पण धुकं इतकं की रस्त्यावरचा पांढरा पट्टासुद्धा दिसेना.

पोचलो तर ड्रायव्हर गाडीपाशी नव्हता. मागे शंभरेक पावलांवर, वळणाच्या तोंडाशी उभा होता. हातात मोबाईलचा टॉर्च, डोक्यावर खताची पिशवी. लाल त्रिकोण त्याने लावला होता, पण तो वाऱ्याने सारखा आडवा होत होता. म्हणून त्याच्या मागे दगड मांडले होते, कडेच्या झाडाच्या डहाळ्या मोडून टाकल्या होत्या. आम्हाला टायर बदलायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तो माणूस तिथून हलला नाही. एक दुधाचा टेम्पो त्याचा टॉर्च बघून कडेला झाला, एक नवरा-बायको मोटारसायकलवरून गेले. काम झाल्यावर गाडीत बसायच्या आधी तो परत मागे गेला आणि सगळे दगड एकेक करून रस्त्याखाली टाकून आला. पाठीमागून मोटारसायकलवाला येऊन त्या दगडांवर पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतला ट्रक, केबिनमध्ये कुणीच नाही, स्टेअरिंग आपोआप फिरतंय. खाली त्याने लिहिलं होतं, "मामा, आपल्याकडे कधी?" तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून एवढं लांब लिहितोय.

मी संकेश्वरजवळ हायवेला टायरचं दुकान चालवतो. त्याआधी चार वर्षं माझ्या मामाच्या ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होतो. टायरवर टॉमी आपटून आवाजावरून हवा ओळखायची, हे पहिल्याच आठवड्यात मामाने शिकवलं. "आरं, टायर बोलतंय. ऐकायला शीक," म्हणायचा. आज हवा सांगणारे सेन्सर आलेत आणि ते चांगले आहेत, मी स्वतः गिऱ्हाइकांना बसवून घ्या म्हणतो. यंत्राशी माझं वैर नाही.

आता त्या व्हिडिओचं. २०२५ च्या एप्रिलअखेर अरोरा नावाच्या कंपनीने टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन असा मालाचा ट्रक ड्रायव्हरशिवाय चालवायला सुरुवात केली. अंतर बेळगाव-पुण्याहून थोडं जास्त. काही आठवड्यांतच ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या मागणीवरून ड्रायव्हरच्या सीटवर पुन्हा माणूस बसवावा लागला, नुसता बघण्यासाठी. त्याच देशात नियम आहे की ट्रक बंद पडला तर दहा मिनिटांच्या आत मागे इशाऱ्याचे त्रिकोण मांडायचे. रिकाम्या केबिनमधून उतरून ते मांडणार कोण? कंपन्यांनी त्यातून सूट मागितली, त्याऐवजी केबिनवर चमकणारे दिवे लावतो म्हणाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने नाही म्हटलं, पुढे २०२५ मध्ये थोड्या मुदतीची मुभा दिली. मला हे वाचून तवंदीचा तो माणूस आठवला. केबिनवरचा दिवा वळणाच्या पलीकडून, धुक्यातून किती दिसतो ते आमच्या घाटात पावसाळ्यात एकदा येऊन बघावं.

भाचा म्हणतो, यंत्र झोपत नाही, दारू पीत नाही. खरं आहे, आणि हे मी हलक्यात घेत नाही. माझा मामा स्वतः एकदा कित्तूरच्या पुढे स्टेअरिंगवर झोपला होता. होसूरहून माल भरलेला, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि ट्रान्सपोर्टवाल्याने दम दिलेला की सकाळी आठला माल पोचला नाही तर भाडं कापणार. गाडी डिव्हायडरवर चढली. समोरून कुणी आलं नाही हे नशीब. मामाच्या पायात अजून सळी आहे. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे, आणि मग खाली ब्रेक लागेना म्हणून आडवे होणारेही मी पाहिलेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. एवढा आकडा समोर असताना, जे चाललंय ते ठीकच आहे असं मी कसं म्हणू?

पण मामा झोपला तो का? मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. माझ्या दुकानात चहा प्यायला थांबणाऱ्या किती ड्रायव्हरांना हा कायदा ठाऊक आहे, मी विचारून पाहिलंय. एकालाही नाही. नव्या ट्रकांना १ ऑक्टोबर २०२५ पासून एसी केबिन सक्तीची केली, हे मनापासून आवडलं. भट्टीसारख्या केबिनमध्ये अठरा तास बसवलेल्या माणसाला झोप येते, त्याचं औषध माणूसच काढून टाकणं हे मला पटत नाही. त्याला आठ तास झोपू देऊन बघितलंय का कुणी?

त्याहून मोठी गोष्ट रस्त्याची. टेक्सासचा हायवे आणि आपला हायवे यांना एकच नाव असलं तरी दोन्ही एक नाहीत. आपल्या एनएच ४८ वर, म्हणजे पुणे-बेंगळूर हायवेवर, ऑक्टोबरपासून उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात. मागे दोन-दोन ट्रॉल्या, एकालाही धड रिफ्लेक्टर नाही, आणि लांबचा वळसा वाचवायला उलट्या बाजूने येणारेही काही असतात. सौंदत्तीच्या यात्रेला बैलगाड्या असतात. आषाढीआधी दिंड्या असतात. आणि रोज, अगदी रोज, कामावरून परतणाऱ्या बायका डोक्यावर भारा घेऊन डिव्हायडर ओलांडतात, कारण त्यांचं शेत एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला गेलंय. त्या कशा ओलांडतात ते बघा. हात वर करतात आणि ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघतात. त्याने मान हलवली, नाहीतर एकदा दिवा मारला, की पाऊल टाकतात. हा आमचा सिग्नल आहे, दुसरा कुठलाही बसवून मिळालेला नाही.

१८ मार्च २०१८ च्या रात्री ॲरिझोनातल्या टेम्पी इथे उबरच्या चाचणीच्या कारने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. ती गेली. चौकशीत निघालं की धडकेच्या पाचेक सेकंद आधीच यंत्राला ती दिसली होती. पण क्रॉसिंग सोडून माणूस मध्येच रस्ता ओलांडेल हे त्यात धरलंच नव्हतं, म्हणून ते तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी भलतंच काही ठरवत राहिलं. ती कार होती. आपण पस्तीस टनांच्या गाडीबद्दल बोलतोय. आणि आमच्याकडे तर सगळेच क्रॉसिंग सोडून ओलांडतात.

त्या प्रकरणात पुढे काय झालं तेही ऐका. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही. गाडीत देखरेखीला बसवलेल्या बाईवर झाला, २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षं प्रोबेशन मिळालं. ती मोबाईल बघत होती, तिची चूक होतीच. पण मला इथेच भीती वाटते. जानेवारी २०२४ मधला ट्रकवाल्यांचा संप आठवत असेल, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. नव्या न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचं कलम आलं म्हणून तो संप होता. ते पोटकलम १ जुलै २०२४ ला बाकी संहितेबरोबर लागू झालं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: ड्रायव्हरसाठी दहा वर्षं लिहिता येतात, तर रिकाम्या केबिनसाठी कुणाच्या नावापुढे किती वर्षं लिहिणार? गाडीच्या मालकाच्या? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या? ज्याने तो रस्ता सुरक्षित म्हणून सही केली त्याच्या? हे आधी कागदावर यावं. अपघात झाल्यावर निपाणीच्या शेतकऱ्याने बेंगळूरच्या नाहीतर परदेशातल्या कंपनीच्या वकिलांशी भांडत बसायचं, हे होणार नाही याची हमी हवी.

काहीजण सांगतील की नितीन गडकरींनी २०२३ मध्येच स्पष्ट सांगितलंय, ड्रायव्हरच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या भारतात येऊ देणार नाही. ते बोलले ते बरं झालं. पण मंत्र्याचा शब्द म्हणजे कायदा नव्हे, खुर्चीवर दुसरा आला की तो बदलू शकतो.

आणि नोकरीचं म्हणाल तर आमच्या सीमाभागात ड्रायव्हरकीचं मोल वेगळं आहे. मराठी शाळेत शिकलेल्या पोराला इथे सरकारी नोकरीत कन्नडची अडचण, तिकडे कोल्हापूर-पुण्यात गेलं तर दाखला कर्नाटकाचा. लायसन्स मिळालं की मात्र केए २२ असो, केए २३ असो, एमएच ०९ असो, कुणी भाषा विचारत नाही. माझ्या गल्लीतल्या अकरा घरांत ड्रायव्हर आहेत. त्यांच्यावर माझं दुकान आहे, ढाबे आहेत, गॅरेज आहेत. हे मी लपवत नाही, माझं पोटही यातच आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला. ट्रकांची रांग किती लांब होती ते आम्ही पाहिलंय. गावागावांतून भात-आमटी नेली लोकांनी. त्या रांगेत ॲम्ब्युलन्स आली की ड्रायव्हर खाली उतरून एकमेकांना हात दाखवत, इंच इंच मागे घेत वाट करून द्यायचे. ६ डिसेंबर २०२२ ला सीमावादावरून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, तेव्हा संध्याकाळपर्यंत सहा-सात एमएच पासिंगच्या गाड्या माझ्या दुकानासमोर येऊन थांबल्या. पुढच्यांनी मागच्यांना फोन केले होते. कानडी ड्रायव्हरांनीही केले होते.

आता एक काम मागतो. कोगनोळी ते हिरेबागेवाडी या पट्ट्यात लोक रात्री कुठे कुठे पायी रस्ता ओलांडतात, गाड्या कुठल्या उतारावर बंद पडतात, धुकं कुठे बसतं, हे मी वहीत लिहून काढतोय. यमगर्णी, तवंदी, हत्तरगी धरून माझ्याकडे आतापर्यंत नऊ जागा झाल्यात. तुम्ही गाडी चालवत असाल किंवा तुमचं घर हायवेला असेल तर तुमची जागा खाली लिहा, गावाचं नाव आणि वेळ टाका. कन्नडमध्ये लिहिलंत तरी चालेल, माझा पोरगा वाचतो. ही वही मी महामार्गाच्या ऑफिसात आणि आमच्या आमदारांकडे स्वतः नेऊन देणार आहे, बिनड्रायव्हरचा ट्रक येवो न येवो.