‘सत्तर टक्के सॅटिव्हा’ म्हणजे नेमके काय?

‘सॅटिव्हा सकाळी, इंडिका रात्री’ असा, गांजाचे दोन प्रकार सांगणारा एक तक्ता बरीच वर्षे या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. डावीकडे अरुंद पान आणि उगवता सूर्य, उजवीकडे रुंद पान आणि चंद्रकोर. खाली दावे: सॅटिव्हाकडे झुकणाऱ्या गांजाने डोक्याला तरतरी येते, अंग जड होत नाही, तो पानावरून ओळखता येतो, ७०/३० (सत्तर टक्के सॅटिव्हा, तीस टक्के इंडिका) लिहिले असेल तर परिणामही त्याच मापात, त्याने घबराट होत नाही आणि सवयही लागत नाही. गांजा ओढावा की नाही, हा माझा विषय नाही. तक्ता खरा आहे का, एवढेच बघू.

‘सॅटिव्हा म्हणजे तरतरी.’ स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सॅटिव्हा हे नाव दिले, ते युरोपात धाग्यासाठी आणि बियांसाठी पिकवल्या जाणाऱ्या झाडाला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘पेरलेली, लागवडीची’ एवढाच. भाताचे शास्त्रीय नाव ओरायझा सॅटिव्हा, लसणीचे ॲलियम सॅटिव्हम. या शब्दात तरतरी दडलेली असती, तर भात जेवून कुणाला पेंग आली नसती. पुढे १७८५ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांवरून इंडिका वेगळी काढली आणि ती डोक्याला चढते हेही नोंदवले. म्हणजे मूळ वाटणीत नशा आली इंडिकाकडे, सॅटिव्हाकडे राहिले दोरखंड. तक्त्यातला सूर्य-चंद्र नंतरच्या बाजाराने चिकटवला.

‘पान बघा, कळेल.’ धाग्यासाठी लावतात ते हेम्प अरुंद पानांचे, वनस्पतिशास्त्राच्या वहीत पक्के सॅटिव्हा. पण अनेक देशांच्या कायद्यात हेम्पमधल्या टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याची, मर्यादा अवघी ०.३ टक्के आहे. ते कितीही ओढले तरी घसाच खवखवेल. नशा आणणारे द्रव्य पानाच्या आकारात नसते. मादी फुलावर भिंगाखाली दिसणारे, टाचणीच्या डोक्यासारखे चिकट, दुधी ठिपके असतात, तिथे ते तयार होते. कच्च्या झाडात ते आम्लरूपात असते आणि उष्णता लागली की त्याचे टीएचसी होते. कुठले झाड टीएचसीकडे जाणार आणि कुठले सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याकडे, हे काही ठरावीक एन्झाइमांच्या जनुकांवर ठरते. संकर होत गेले तशी पानाची रुंदी एका वाटेने गेली आणि रसायन दुसऱ्या.

आता ७०/३०. हा आकडा दिसायला प्रयोगशाळेतला वाटतो, पण बहुतेक वेळा तो झाड लावणाऱ्याने सांगितलेल्या वंशावळीवरचा अंदाज असतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी गांजाचे ८१ आणि हेम्पचे ४३ नमुने जनुकीय पातळीवर तपासले. सांगितलेले सॅटिव्हा-इंडिका प्रमाण आणि प्रत्यक्ष जनुके यांचा मेळ जेमतेम मध्यम निघाला. त्यातला एक नमुना मला फार आवडतो. ‘जमैकन लॅम्ब्स ब्रेड’ हे म्हणे शंभर टक्के सॅटिव्हा. ते जनुकीयदृष्ट्या जवळजवळ हुबेहूब जुळले कशाशी, तर अफगाणिस्तानातल्या शंभर टक्के इंडिका म्हणवणाऱ्या नमुन्याशी! शंभराची ही गत, तर सत्तराचे काय घेऊन बसायचे? नावांचीही तीच कथा: साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या वेळी नमुना स्वतःच्या नावाच्या भावंडांपेक्षा दुसऱ्याच नावाच्या नमुन्याच्या जवळचा निघाला.

तक्त्याच्या बाजूने एक गोष्ट मान्य करायला हवी. लेबल अगदीच हवेतले नाही. २०२१ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या विज्ञानपत्रिकेत आलेल्या अभ्यासात लेबल आणि एकूण जनुकसंच यांचा संबंध क्षीण दिसला, पण काही सुगंधी द्रव्यांशी, म्हणजे टर्पिनांशी, जुळला. इंडिका म्हटलेल्यांत मायरसीन जास्त, त्याचा वास मातकट. सॅटिव्हा म्हटलेल्यांत फार्नेसीन आणि बर्गामोटीन, वास गोडसर, फळांसारखा. म्हणजे फूल बोटांत चुरून, वास घेऊन लोक लेबल लावत असावेत. वास खरा आहे. पण त्या वासावरून माणूस सकाळी कामाला लागेल की पलंगावर पडेल, एवढी मोठी उडी त्या अभ्यासाने मारलेली नाही.

‘सॅटिव्हाने घबराट होत नाही.’ हा दावा मात्र घातक आहे. घबराट, छातीत धडधड, कुणीतरी आपल्याकडे बघतंय असे वाटणे, हे सगळे टीएचसीच्या मात्रेबरोबर वाढते. त्याच माणसाला थोड्या मात्रेत हलके वाटेल आणि जास्तीत घाम फुटेल. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी लिंबाच्या सालीत असते ते लिमोनीन टीएचसीबरोबर वाफेतून दिले, तेव्हा घबराट काहीशी कमी झाली. पण तिथे द्रव्य मोजून दिले होते, लेबल वाचून नव्हे. आणि खाण्यातून घेतले तर गणितच बदलते: यकृतात टीएचसीपासून आणखी एक नशा आणणारे द्रव्य बनते, आणि परिणाम सुरू व्हायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागू शकतात. ‘सॅटिव्हाच आहे, हलकी असणार’ म्हणून तासाभरात दुसरा तुकडा तोंडात टाकणारा माणूस नेमका इथे फसतो. पहिला तुकडा अजून वाटेतच असतो.

सवयीबद्दल फार लिहायची गरज नाही. मानसोपचारात वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत २०१३ पासून गांजा सोडल्यावरच्या त्रासाचे वेगळे निदान आहे: चिडचिड, झोप उडणे, भूक मरणे. त्या निदानात पान अरुंद की रुंद असा रकाना नाही.

तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आहे, तिच्याशी माझे भांडण नाही: ‘झाड उंच वाढते, फुलायला वेळ लागतो.’ विषुववृत्ताजवळ वाढलेल्या अरुंद पानांच्या झाडांना लांबलचक मोसम मिळत आला, त्यामुळे फुलोरा पिकायला दहा ते चौदा आठवडेही लागतात. हिंदुकुशच्या थंडीआधी उरकायची सवय असलेली बुटकी, रुंद पानांची झाडे आठ आठवड्यांच्या आसपास मोकळी होतात. ‘सॅटिव्हाकडे झुकणारे’ हे शब्द झाड लावणाऱ्याच्या खरेच उपयोगाचे आहेत. छत किती उंच हवे, हे त्यांवरून ठरवता येते.