पाठकोरी बाजू

जमशेटजी टाटांनी 23 नोव्हेंबर 1898 रोजी स्वामी विवेकानंदांना पत्र लिहिलं, हे मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी आमच्या घराची घरपट्टी शेवटची कधी भरली, हे देवालाच ठाऊक.

दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात शोधायची पाळी आली. एका दिवाळी अंकाला टाटा घराण्याच्या जुन्या कागदपत्रांवर लेख हवा होता आणि बाबांच्या मागे गावच्या घराला नि साडेअकरा गुंठ्यांना आमची नावं लावायची होती. सकाळी टाटा, दुपारी तलाठी. संध्याकाळी मी कुणाचा वारस आहे, हे मला चटकन सांगता येत नसे.

टाटांचं ते पत्र तुम्ही कधीतरी वाचलं असेल. पाच वर्षांपूर्वी जपानहून अमेरिकेकडे निघालेल्या बोटीवर आपण सहप्रवासी होतो, ते आठवत असेल, अशी सुरुवात. मग विज्ञान-संशोधनाच्या संस्थेची कल्पना आणि तिच्यासाठी लोकांना जागं करण्याची विनंती. प्रवासातल्या ओळखीतून माणूस बंगळूरच्या विज्ञानसंस्थेपर्यंत पोचतो! ओळखी आमच्या बाबांनीही एसटीत पुष्कळ केल्या. त्यातल्या एकाला त्यांनी स्वारगेटला छत्री दिली. ती आजतागायत परत आलेली नाही, आणि तिचा कागदही नाही.

जुन्या कागदांची संगत वाटते तितकी रम्य नसते. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल चालते. पिशवी बाहेर, डबा बाहेर, पाण्याची बाटली तर फारच बाहेर. जुन्या वहीचा कणा मोडू नये म्हणून तिला टेकायला मऊ उशी देतात. वाचणाऱ्याला लाकडी खुर्ची. तास-दोन तासांनी मला त्या वहीचा मनापासून हेवा वाटू लागतो.

त्यात त्या काळच्या पेढ्यांची नकलवही हाती आली, की संपलंच. कार्बन कागद सर्रास नव्हता, तेव्हाची युक्ती अशी : पत्र खास शाईनं लिहायचं, ओलसर केलेल्या झिरझिरीत कागदाखाली ठेवायचं आणि लोखंडी दाबयंत्राचा स्क्रू आवळायचा. शाई वरच्या कागदात उतरते, पण उलटी. कागद इतका पातळ, की अक्षरं पलीकडून सुलटी दिसतात. म्हणजे पत्र वाचायचं ते मागच्या बाजूनं. शंभर-सव्वाशे वर्षांत ही शाई फुटते, पसरते आणि ‘कापूस’ कुठला नि ‘कर्ज’ कुठलं, याचा अंदाज संदर्भावरून बांधावा लागतो. घराणं नवसारीच्या पारशांचं, त्यामुळे घरगुती मजकूर गुजरातीत. डोक्यावर रेघ नसलेली ती घाईची अक्षरं बघून मला शाळेतल्या बाईंची आठवण झाली. त्यांनी या सगळ्याला शून्य मार्क दिले असते.

पण एक मान्य करावं लागेल. टाटांच्या कागदांसाठी पुण्यात टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज ही स्वतंत्र संस्था आहे. 1991 साली सुरू झाली. तिथे कागदाला वाळवी, ओल, ऊन यांपासून जपणं हेच माणसांचं काम. आमच्याकडे ते काम बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेवर सोपवलेलं होतं, आणि ट्रंक माळ्यावर, पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली.

ट्रंक उघडल्यावर कळलं, की बाबाही अभिलेखपालच होते, फक्त त्यांची पद्धत वेगळी. त्यांनी एकही कागद फेकला नव्हता. पण एकही कागद एकाच कामाला वापरला नव्हता. आमच्या घरात कागदाच्या दोनच जाती : भरलेला आणि पाठकोरा. लग्नपत्रिकेच्या पाठीवर दुधाचा हिशेब, विजेच्या बिलाच्या पाठीवर माझं पाढे पाठांतर, विमा हप्त्याच्या पावतीमागे धोब्याचे कपडे. त्यामुळे घरपट्टीची पावती हवी असेल, तर ‘घरपट्टी’ शोधून उपयोग नाही. घरपट्टी भरली त्या सुमारास आमच्याकडे कोण पाहुणे होते आणि किती पोळ्या लागल्या, तिथून सुरुवात करायची.

“तुमच्या त्या टाटांच्या घरी बघ, असं असेल का?” आई म्हणाली. माळ्यावर चढायला शिडी धरण्याचं काम तिच्याकडे होतं, आणि शिडी धरणाऱ्याला बोलायला भरपूर वेळ असतो.

मी तिला दोराबजींच्या हिऱ्याची गोष्ट सांगितली. दोराबजी हे जमशेटजींचे थोरले चिरंजीव. त्यांनी पत्नी मेहरबाईंसाठी घेतलेला ज्युबिली हिरा 245 कॅरटचा, आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. 1924 साली पोलाद कारखान्यात पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा दोराबजींनी हा हिरा धरून आपली खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली आणि एक कोटीचं कर्ज उचललं.

आईनं सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, “सोडवला का मग?”

मी म्हटलं, सोडवला. पुढे नवरा-बायकोच्या मागे तो विकून पैसा त्यांच्या ट्रस्टला गेला. आईला बरं वाटलं. तिच्या पाटल्या माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला गहाण पडल्या होत्या, त्याची पावती तिच्याकडे अजून आहे. तिच्या पाठीवर भिशीच्या बायकांची नावं आहेत.

जमशेटजींचं आणखी एक पत्र मला फार आवडतं, 1902 सालचं, दोराबजींना लिहिलेलं. पोलादाचं गाव वसवायची जागा अजून सापडलेलीही नव्हती. साकचीची, म्हणजे आजच्या जमशेदपूरची, जागा हाती लागायला आणखी पाच वर्षं होती. पण पत्रात सूचना तयार : रस्ते रुंद ठेव, दुतर्फा सावलीची झाडं लाव, आणि त्यांतलं दर दुसरं झाड झटकन वाढणारं निवड. हिरवळीला, बागांना भरपूर जागा सोड. फुटबॉल-हॉकीला मैदानं राख. देवळं, मशिदी, चर्च यांची जागा आधीच आखून ठेव. 1904 मध्ये जमशेटजी जर्मनीत वारले. ते गाव त्यांनी पाहिलंच नाही. पण ‘दर दुसरं झाड’ ही बारीक सूचना वाचून मला तो अस्सल बाप वाटला. मी वसतिगृहात असताना बाबांनी पाठवलेल्या अंतर्देशीय पत्रातही सूचनाच होत्या : पंख्याच्या बरोबर खाली झोपू नये, गादी थोडी सरकवावी. आवाका वेगळा, स्वभाव तोच.

दुपारच्या कचेरीत मात्र जमशेटजींचाही निभाव लागला नसता. आमच्या बाबांच्या नावातली एक मात्रा सातबाऱ्यावर आहे आणि आधारवर नाही. “हे दोन वेगळे इसम असू शकतात,” खिडकीमागच्या बाई शांतपणे म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, जमशेटजींचं नाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी छापलेलं मिळतं, तरी त्यांच्या एम्प्रेस मिलवर कुणी हरकत घेतली नाही. उघडपणे म्हटलं, “प्रतिज्ञापत्र करून आणतो.” ही मिल नागपूरची. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी, 1 जानेवारी 1877 ला उघडली. तिथले कामगार मनाला येईल तेव्हा दांडी मारत. मालकानं दंडुका काढण्याऐवजी बक्षिसं लावली, आणि 1886 साली पेन्शन फंड काढला. त्या फंडाचे कागद इतिहास झाले. ते कामगार मात्र बहुतेक आकडे म्हणूनच उरलेत. त्यांच्या घरी ट्रंका असतील, पावत्या असतील, त्यांच्या पाठीवर हिशेब असतील. त्यांच्यासाठी उशी कुणी शिवली नाही. असो, दिवाळी अंकाच्या संपादकांनी हा भाग ‘सणासुदीचा नाही’ म्हणून कापलाच.

प्रतिज्ञापत्र झालं. मृत्यूचा दाखला झाला. वंशावळ झाली, तिच्यात मी एका शाखेचं शेवटचं टोक म्हणून फार केविलवाणा दिसतो. उरली ती घरपट्टी. ती शेवटी सापडली गणपतीच्या आरत्यांच्या पुस्तकात, खूण म्हणून घातलेली. पाठीवर आईच्या अक्षरात शेवेच्या लाडवांचं प्रमाण.

ती घेऊन खिडकीशी गेलो. बाईंनी पावती पाहिली, शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मग सवयीनं कागद उलटला आणि वाचत राहिल्या. रांगेतला माझ्या मागचा माणूस खाकरला.

“गूळ एवढाच?” बाईंनी विचारलं.

“लिहिलंय तसं असेल.”

“चिवट होतील हो. बरं, दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा.”

“मागच्या बाजूचीही?”

“मूळ कागद दोन्ही बाजूंनी लिहिलेला असेल तर दोन्ही बाजू लागतात. उद्या कुणी म्हणालं, मागे काय होतं, तर?”

अशा रीतीनं आमच्या घराण्याचा पहिला दस्तऐवज सरकारदप्तरी जमा झाला, पान 14, पुढील व मागील बाजू. घरी येऊन मी ही वार्ता आईला सांगितली. टाटांच्या बरोबरीला गेलो म्हणून ती खूश होईल, असा माझा अंदाज होता.

ती पोळी लाटता लाटता थांबली. “अरे, ते प्रमाण चुकीचंय. गूळ पाव वाटी वाढवला होता मी नंतर. उद्या जाऊन दुरुस्त करून ये.”

दुरुस्तीच्या अर्जाला खिडकी वेगळी आहे. ती फक्त मंगळवारी उघडते.