सव्वापाच रत्ती म्हणजे नक्की किती?

कोल्हापुरात मिरजकर तिकटीला संध्याकाळी आमचं टोळकं जमतं तिथं बाळू एक चिठ्ठी नाचवत आला. धाकट्याचं लग्न जमेना म्हणून आईनं पत्रिका दाखवली, ज्योतिषीबुवांनी सांगितलं सव्वापाच रत्तीचा पुष्कराज, तर्जनीत, गुरुवारी सकाळी. मग हा गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, दोन दुकानं फिरला, पहिल्यानं भाव सांगितला रत्तीला पाच हजार, दुसऱ्यानं कॅरेटला सव्वापाच हजार आणि खडा काट्यावर ठेवून चिठ्ठीवर लिहून दिलं ९६२ मिलिग्रॅम. बाळूचं म्हणणं, दोन्हीकडचे खडे सारखेच दिसतात मग पहिला स्वस्त, अडीचशेचा फरक आहे, उद्या पैसे देऊन टाकतो.

मास्तर (गणिताचे, रिटायर झालेत पण सवय गेलेली नाही) म्हणाले, अरे आधी दोन्ही एका मापात तरी आण. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, ग्रॅमला पाच कॅरेट, ९६२ ला २०० नं भाग, ४.८१ कॅरेट आले. यात वाद कसला?

आप्पा गुजरीत खडे बसवायचं काम करतो, तो म्हणाला मास्तर भागाकार करत बसलात तर गिऱ्हाईक उठून जाईल, मिलिग्रॅमचं निम्मं करायचं, सेंट मिळतात, ४८१ सेंट, शंभर सेंटला एक कॅरेट, झालं. ४५ मिलिग्रॅमचा बारका हिरा असला तर साडेबावीस सेंट. मास्तर दोन मिनिटं गप्प होते, मला वाटतं त्यांना हे आवडलं पण कबूल करायचं नव्हतं.

इथपर्यंत सगळं शांत होतं. मग सुन्यानं मोबाईल काढला.

म्हणाला थांबा, इथं लिहिलंय एक रत्ती म्हणजे १२१.५ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वापाच रत्ती ६३८ मिलिग्रॅमच्या आसपास, सव्वातीन कॅरेटसुद्धा भरत नाही, आणि तुला ९६२ चा दाखवला, दीडपट मोठा खडा गळ्यात मारतोय रे तो! बाळूचा चेहरा बघण्यासारखा झाला, निघालाच होता भांडायला.

आप्पानं त्याला दंडाला धरून बसवला. म्हणाला ती सोनाराची रत्ती, म्हणजे आपली गुंज, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, ९६ गुंजा झाल्या, जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा, त्याला ९६ नं भागलं की येतात तेच १२१.५ मिलिग्रॅम. खड्याची रत्ती वेगळी, ती पक्की रत्ती, गुंजेच्या दीडपट, १८२ मिलिग्रॅम धरतात, कॅरेटमध्ये ०.९१. काही जण हिशोबाला सोपं म्हणून १८० च धरतात. ज्योतिषी सव्वापाच म्हणतात तेव्हा दुकानात ही पक्की रत्ती धरतात.

सुन्या ऐकेना, "म्हणजे एकाच नावाची दोन वजनं? असं कुठं असतं काय?" मी म्हटलं लेका तू तरी कुठला तोळा वापरतोस, अख्खं कोल्हापूर १० ग्रॅमला तोळा म्हणतंय, त्याला ९६ नं भागलंस तर तिसरीच रत्ती निघेल १०४ मिलिग्रॅमची. त्यावर मास्तरांनी त्यांचा ठेवणीतला किस्सा काढला. कॅरेटचंही पूर्वी असंच होतं, प्रत्येक शहराचा वेगळा, इंग्लंडचा २०५ मिलिग्रॅमच्या थोडा वर, म्हणून १९०७ च्या वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सरळ २०० मिलिग्रॅम ठरवला. कलिनन हिरा १९०५ ला दक्षिण आफ्रिकेत सापडला तेव्हा इंग्लिश कॅरेटमध्ये ३०२५ आणि पाऊण भरला, आज तोच हिरा ३१०६ कॅरेटचा म्हणून सांगतात, हिऱ्यात काडीची भर पडलेली नाही.

"मग रत्तीची परिषद कोण घेणार?" बाळू म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं कामाचा प्रश्न विचारला.

कुणी घेणार नाही, म्हणूनच रत्तीत भाव सांगितला की तुमची रत्ती किती मिलिग्रॅमची हे विचारायचं, माझं तरी हेच मत आहे. पाच हजार रत्तीला, रत्ती १८२ ची धरली तर कॅरेटला जवळपास ५,४९० पडतात आणि १८० ची धरली तर साडेपाच हजारांच्या वर. बाळूचा स्वस्त दुकानदार दोन्ही हिशोबांनी महाग निघाला. तेवढ्याच वजनाचा खडा एकीकडं २५,२५० ला आणि दुसरीकडं २६,४०० च्या आसपास. खडा चांगला की वाईट, तापवलेला की नैसर्गिक रंगाचा हा वेगळा विषय, तो लॅबच्या सर्टिफिकेटवर बघायचा, त्यावर वजन कॅरेटमध्येच असतं त्यामुळं तिथं तरी रत्तीची भानगड नाही.

सुन्या म्हणाला घरच्या काट्यावर ताडून बघू. आप्पा हसायला लागला. किचनचा काटा ग्रॅममध्ये दाखवतो, अर्धा ग्रॅम इकडं तिकडं झाला तर अडीच कॅरेट गेले, खड्याच्या भावात तेवढ्यात मोठी रक्कम हलते. खड्याला मिलिग्रॅमचाच काटा लागतो, काचेच्या पेटीतला, फॅन चालू असला तरी आकडा नाचतो.

आता उठायचं तर बाळूनं नवीनच काढलं. अंगठी साडेसहा ग्रॅमची होणार म्हणतात, त्यातनं खड्याचे ४.८१ वजा केले तर सोनं राहिलं पावणेदोन ग्रॅमच्या आतच, एवढ्याशा सोन्यात खडा थांबेल काय? मास्तरांनी कपाळावर हात मारला. कॅरेट ग्रॅममधनं वजा करतोस होय रे! खडा ०.९६२ ग्रॅमचा, ग्रॉस म्हणजे खड्यासकट साडेसहा, नेट म्हणजे नुसतं सोनं ५.५३८. आप्पा म्हणाला हसू नका, बिलात ग्रॉस, नेट आणि खड्याचे कॅरेट हे तीन आकडे वेगळे लिहून घ्या, नाहीतर खड्याच्या जागेवर सोन्याचा भाव लागतो आणि खड्याचे पैसे पुन्हा वेगळे, असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

बाळू उठला, पुन्हा बसला. ४.८१ कॅरेटचे रत्तीत किती होतात? आप्पानं मनातच केलं, ५.२८. "मग सव्वापाचला जास्त झालं की, आई चालवून घेईल काय?"

"वरचं चालतं म्हणतात," आप्पा म्हणाला, "कमी चालत नाही. का ते मात्र ज्योतिषीबुवांनाच विचार."