‘गांडुळांची कत्तल’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

परसबागेची जमीन पॉवर वीडरने, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती मोकळी करणाऱ्या छोट्या यंत्राने, तयार करण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. ‘परसबागेत पॉवर वीडर फिरवणं म्हणजे गांडुळांची कत्तल. फुकुओकांनी आयुष्यभर नांगराशिवाय शेती केली, तुम्हाला तीन गुंठ्यांत कुदळ मारवत नाही?’ असं तुम्ही लिहिलंत. (फुकुओका म्हणजे बिननांगरणीची नैसर्गिक शेती करणारे जपानी शेतकरी.) दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, निम्मं बरोबर आहे. कुठलं निम्मं, ते सांगतो.

आधी कुदळीचं. मारली की! घर बांधताना दोन वर्षं त्याच जागेवर खडीचे ट्रक उभे राहत. पहिल्या रविवारी चार तासांत जेमतेम खाटेएवढी जागा उकरली आणि पुढचे तीन दिवस मी खाटेवर होतो. खाली काळी चिकण माती, वर मुरूम दाबून बसलेला. कुदळ टणकन वाजायची. आणि गांडुळं? फूटभर खोल खड्डा घेतला, एक दिसलं नाही. दाबलेल्या जमिनीत ना हवा जाते ना पाणी मुरतं, तिथे ती राहणार कशी? जिथे कुणी जिवंतच नव्हतं तिथे कत्तलीचा आरोप जरा जड वाटला.

फुकुओकांचं शेत जपानच्या शिकोकू बेटावर होतं, भाताच्या पेंढ्याच्या आणि पांढऱ्या क्लोव्हरच्या आच्छादनाखाली. आपल्याकडे मे महिन्यात काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. इतक्या लांब कशाला जायचं? नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळ्यांनी भातासाठी एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत बसवली, तीही बिननांगरणीचीच. पण त्यातही गादीवाफे (जमिनीपेक्षा उंच वाफे) सुरुवातीला जमीन मोकळी करूनच पाडतात. त्यानंतर नांगरणी नाही, चिखलणी नाही, पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. माझंही म्हणणं एवढंच आहे : यंत्र एकदा.

तुमचं बरोबर ते इथे. दरवर्षी रोटर (यंत्राची फिरती पाती) फिरवणाऱ्यांना मीही हात जोडतो. माती पिठासारखी भुसभुशीत झाली की बघायला छान वाटतं, पण पहिल्या जोरदार सरीत तिचीच खपली धरते. मातीत एकदम हवा खेळली की जिवाणू सेंद्रिय कर्ब झपाट्याने खाऊन टाकतात, आपल्या उन्हात तर फारच. शिवाय पाती दरवेळी त्याच चार-पाच इंचांवर घासतात आणि तिथे खाली कडक थर बसतो. हे मूळ लेखात मी एका ओळीत उरकलं, ती चूक माझी.

त्याहून मोठी चूक तुमच्या नजरेतून सुटली, म्हणून मीच सांगतो. मी लव्हाळ्याबद्दल, म्हणजे जमिनीखाली गाठी धरणाऱ्या तणाबद्दल, काहीच लिहिलं नव्हतं. एका कोपऱ्यात लव्हाळा आणि हराळी होती, त्यावरूनच मी यंत्र फिरवलं. हराळीच्या कांड्यांचे तुकडे झाले, लव्हाळ्याच्या गाठी सुट्या होऊन वाफाभर पसरल्या, आणि जुलैत प्रत्येक तुकडा उगवून आला. असं तण असेल तिथे यंत्र नको. पहारीने खोल उकरून, गाठी वेचून उन्हात टाकायच्या. कंटाळवाणं काम आहे, दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आता वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी, मशागतीजोगी ओल असते ती वेळ. अर्धी बाजी इथेच हरतात लोक. वळवाचा पाऊस झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी भाड्याचं यंत्र आणायचं नाही. चार बोटं खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन बसला तर थांबा. काळ्या मातीला तीन-चार दिवस लागतात, कधी आठवडा. मी ओल्यात घाई केली होती. त्या ढेकळांच्या अशा विटा झाल्या की आमच्या आईने त्यावर कुंड्या मांडल्या.

यंत्र चालवायचं तर आधी दगड, तारा, सळईचे तुकडे वेचून घ्या. एका दमात खोल जायचं नाही. उभं एकदा, मग आडवं एकदा. पात्यांत गवत गुंडाळलं तर इंजिन बंद करूनच हात घालायचा. आणि भिंतीकडे पाठ करून रिव्हर्स टाकू नका, कधीच. माणूस मध्ये अडकतो.

गांडुळांचा हिशेब राहिला. त्या एका फिरवणीनंतर शेणखत मिसळलं, कायमचे गादीवाफे पाडले, त्यांवर कधी पाय दिला नाही आणि वर्षभर पालापाचोळा पांघरून ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यात वांग्याच्या आळ्यात गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या दिसल्या. आता रोप लावायला खुरपं पुरतं.

लव्हाळ्याचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडतो आहे. तुमच्याकडची माती कशी आहे, काळी की तांबडी? तांबडी असेल तर वाफशाचे वरचे दिवस तुम्हाला लागू नाहीत. ती लवकर निथळते.