जूनमध्ये सांदण, आणि "रिफंड नसतो सर"

विषय पक्याने काढला. त्याच्या ऑफिसातली 35 माणसं जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला चाललीयेत आणि हा पठ्ठ्या त्यांचा पुढारी, कारण कुठल्यातरी मीटिंगमध्ये "मी नाशिकचा आहे, तिकडचं सगळं माहितीये" असं बोलून बसलेला. प्लॅन असा की शनिवारी दुपारी लेकवर कयाकिंग, रात्री काजवे, रविवारी सकाळी सांदण दरीत उतरून रॅपलिंग म्हणजे दोरावरून कातळ उतरणं, आणि वेळ उरलाच तर कळसूबाई. वेळ उरलाच तर! 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, ते हा उरलेल्या वेळात उरकणार.

सच्या तोवर गप्प होता. सह्याद्रीत दोर घेऊन फिरण्यात त्याचं अर्ध आयुष्य गेलंय, त्यामुळे तो गप्प बसला की समजायचं आता फुटणार.

"जूनमध्ये सांदण? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

पक्या म्हणे अरे पाऊस सुरू व्हायला 10 तारीख उजाडते, आपण त्याच्या आधी जाऊन येतो. सच्या म्हणे तुला कोणी लिहून दिलंय का. मग त्याने जे सांगितलं ते मी जरा नीट लिहितो, कारण तिथे गेलेल्यांपैकी पण अनेकांना हे कळलेलं नसतं. सांदण म्हणजे साम्रद गावाजवळ जमिनीला पडलेली भेग. दोन्ही बाजूला दोन-तीनशे फूट कातळ, काही ठिकाणी इतकी अरुंद की दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना लागतात. सुरुवातीला पाण्याचे डोह, मग नुसते दगडधोंडे, आणि पुढे कोकणाच्या बाजूला उतरायचं तर दोर लावूनच. पहिला मोठा टप्पा उतरलास की मागे फिरणं जवळपास संपलं. आणि वर आकाशाची एक पट्टी दिसते फक्त, त्यामुळे शेजारच्या घाटघरच्या बाजूला ढग जमलेत का, तिकडे पडायला लागलाय का, तुला आत कळायला काही मार्ग नाही. तुझ्यावर ऊन असतं आणि पाणी मागून येतं.

नाना म्हणाले घाटघरचा पाऊस मी नोकरीत बघितलाय, तो मोसमी असो नाहीतर वळवाचा, येतो तेव्हा विचारून येत नाही. नाना पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले, त्यांना धरणाविषयी काहीही विचारा, 1910 ला भंडारदऱ्याचं काम सुरू 1926 ला पूर्ण इथपासून सुरुवात होते. पण यावेळी कामाचं बोलले. म्हणे जूनच्या सुरुवातीला लेक कुठाय? धरण 11 टीएमसीचं आहे खरं, पण उन्हाळ्याची आवर्तनं खाली संगमनेर-श्रीरामपूरच्या उसाला जाऊन पाणी पार खाली गेलेलं असतं, काठाला नुसता गाळ. वरून भेगाळलेला सुका दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. तुमचे कयाक पाण्यापर्यंत नेणार कोण आणि कुठून? फोटोत दिसतं ते भरलेलं पाणी ऑक्टोबरचं असतं बाबा. आणि धरणाच्या पाण्याला तलावासारखा उतार नसतो, खाली जुनी शेतं, बांध, नदीचं मूळ पात्र, कमरेएवढं पाणी म्हणता म्हणता पुढचं पाऊल दहा फुटांत.

"म्हणजे काहीच करायचं नाही का? घरी बसून पिठलं खायचं?" पक्या चिडला. त्याचंही बरोबर होतं थोडं. सच्यासारखी जुनी ट्रेकर मंडळी कधीकधी असं बोलतात की सह्याद्री यांच्या नावावर सातबाऱ्याला आहे आणि बाकीच्यांनी लांबून नमस्कार करून परत जावं.

इथे मोनी मधे पडली. ती झुरिकला असते, सुट्टीला आलीये, आणि तिने इंटरलाकनचं सुरू केलं. पक्याला वाटलं आपल्या बाजूने बोलणार. थुन आणि ब्रिएन्झ अशा दोन लेकच्या मधलं गाव, वर आयगर-युंगफ्राउ, दिवसभर डोक्यावर पॅराग्लायडर, उतरतात कुठे तर भर गावातल्या मैदानात, कॅनियनिंग म्हणजे ओढ्याच्या घळीतून खाली उतरत जाणं, राफ्टिंग, सगळं. पक्या म्हणे बघा, तिकडे चालतं आणि इथे म्हणलं की लगेच नाना गाळ काढतात. मोनी म्हणाली थांब, पूर्ण ऐक. 27 जुलै 1999, इंटरलाकनजवळच्याच एका ओढ्यात, साक्सेटबाख नाव त्याचं, कॅनियनिंगचा ग्रुप उतरला होता. वरच्या अंगाला वादळी पाऊस पडला आणि लोंढा आला. 21 माणसं गेली, त्यात तीन गाईड. पुढे केस चालली, त्यात कंपनीचे डायरेक्टर आणि वरची माणसं दोषी ठरली, दोन साधे गाईड सुटले. आणि मग कायदा झाला, तो लागू व्हायला 2014 उजाडलं, स्वित्झर्लंडसारख्या देशाला पंधरा वर्षं लागली. आता अशा धंद्याला परवाना पाहिजे, विमा पाहिजे. शिस्तीचं कौतुक सगळे करतात, ती 21 जण गेल्यावर आलीये हे कोणी सांगत नाही, असं ती म्हणाली.

जरा वेळ कोणी बोललं नाही. मग पक्याच म्हणाला आपल्याकडे नाही का कायदा. कायदा असा नाही, पण धोरण आहे. 2021 ला राज्य सरकारने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, जमीन, हवा, पाणी तिन्हीसाठी, आयोजकाने पर्यटन खात्याकडे नोंदणी करायची, ट्रेनिंग झालेली माणसं ठेवायची. सच्या म्हणे नोंदणी विचार तुझ्या त्या ऑपरेटरला, लीडर कुठे शिकलाय ते पण विचार. पक्या म्हणे विचारलं, लीडर उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आलाय. त्यावर सच्या हसला. उत्तरकाशीचा कोर्स उत्तमच, त्याला कोण नाव ठेवणार, पण तिथे कातळ आणि बर्फ शिकवतात, सांदणच्या डोहात पाण्याचा रंग बदलला की काय समजायचं ते साम्रदच्या पोरालाच कळतं.

आणि इथेच रामदासभाऊंनी तोंड उघडलं. भाऊ राजूरकडचे, इथे नाशकात त्यांचं छोटं हॉटेल आहे, मेहुण्याचं भंडारदऱ्याजवळ शेंडीत होमस्टे. म्हणाले तुम्ही सगळे आमच्या गावावर भांडताय, आम्हाला एक शब्द विचारत नाही. भाताची आवणी झाली, सोंगणी झाली की आमची माणसं नारायणगावला नाहीतर इथे द्राक्षाला मजुरीला यायची, पोराबाळांसकट. आता निदान काही घरं थांबतात, कोणी टेंट लावतं, कोणाची बायको भाकरी करून देते, कोणी गाईड म्हणून जातो. ते बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्या चुलीचं बघावं. सच्या म्हणे भाऊ बंद करा कोण म्हणतंय. भाऊ म्हणाले बरं, मग हे ऐक. पुण्यामुंबईत बसलेला ऑपरेटर पैसे घेतो, आमच्या पोराला फक्त दिवसाची मजुरी देतो. पोराला दिसतं की आज आत जाण्यात अर्थ नाही. पण त्याने "आज नको" म्हणलं तर पुढच्या शनिवारी त्याच्या जागी दुसरा. मग तो म्हणतो चला, बघू.

माझ्या मते दोन तासांच्या भांडणात मुद्द्याचं जर काही झालं असेल तर ते हेच. ज्याला कळतं त्याच्या हातात नाही, आणि ज्याच्या हातात आहे तो दीडशे-दोनशे किलोमीटर लांब फोनवर. दोर चांगला आहे का, हेल्मेट आहे का, हे सगळे विचारतात, विचारायलाच पाहिजे. पण रद्द कोण करणार आणि रद्द झालं तर पैशाचं काय, हे कोणी विचारत नाही. 35 जणांचा ॲडव्हान्स जीपेवर गेलेला, बस ठरलेली, लोक पहाटे अंघोळ करून आलेले, अशा वेळी लीडरला नाही म्हणायला किती जोर लागत असेल. आणि ग्रुप पण असा की "एवढ्या लांब आलोय तर" हे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडात तयार.

मी हे बोललो तर पक्याने तिथेच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस बोलायला अगदी गोड. पाऊस आला तर काय? "काही टेन्शन नाही सर, आपण ॲडजस्ट करतो." म्हणजे रद्द करता? "रद्द नाही सर, बघू ना तिथे गेल्यावर, फार तर पुढची तारीख देऊ." आणि पैसे? "रिफंड नसतो सर." फोन ठेवल्यावर नाना फक्त "वा" म्हणाले.

काजव्यांवरून मात्र वेगळंच जुंपलं, आणि त्यात मोनी आणि भाऊ एका बाजूला आले हे नवल. मेअखेर ते पाऊस जोर धरेपर्यंत हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर जे लुकलुकतं ते त्यांचं लग्नाचं बोलणं चाललेलं असतं, नर चमकतो, मादी बऱ्याचदा खाली गवतात-झुडपात बसून उत्तर देते. त्यात तुम्ही गाडीचे हायबीम टाकता, मोबाईलचे टॉर्च लावता आणि खालचं गवत तुडवता. तो सगळा भाग 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, आणि शनिवारी रात्री तिथे घोटीपासून ट्रॅफिक जॅम! भाऊ म्हणे आमच्या लहानपणी काजवा बघायला कोणी उठून जायचं नाही, अंगणात यायचा. पक्या म्हणे मग 35 जणांनी बघायचाच नाही का, त्यांनी काय पाप केलंय. यावर धड उत्तर कोणाकडे नव्हतं. आठ-आठचे गट, गाड्या गावातच, टॉर्चला लाल कागद, पायवाट सोडायची नाही, असं काहीतरी ठरलं, पण 35 माणसं रात्री अंधारात गप्प राहतील यावर माझा तरी विश्वास नाही.

आणि काही झालंच तर? मोनीने विचारलं. तिकडे वर्षाला 40 फ्रँक भरले की रेगा नावाच्या हवाई बचाव संस्थेचं हेलिकॉप्टर, म्हणजे फुकट असं नाही पण बहुतेक वेळा बिल माफ करतात. सच्या म्हणाला आपल्याकडे स्ट्रेचर आणि आठ खांदे. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या बचाव पथकाची पोरं म्हण, ठिकठिकाणच्या गिर्यारोहण क्लबची म्हण, कामधंदा टाकून रात्री निघतात, आणि त्यांच्या आधी गावातली माणसं पोचलेली असतात. जून 2024 ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एका घरातली पाच माणसं वाहून गेली तेव्हाही पाण्यात उतरून शोधायला हीच पोरं होती. ते कुटुंब काही ॲडव्हेंचर करायला गेलं नव्हतं, सहलीला गेलं होतं. त्यानंतर बंदीचे आदेश निघाले, दर पावसाळ्यात निघतात, बॅरिकेड लागतात, आणि बाजूने पायवाट पडते.

शेवटी पक्याचा प्लॅन असा झाला: सांदण डिसेंबरात, तेही साम्रदच्याच पोरांना थेट पैसे देऊन आणि आधीच सांगून की तुम्ही नको म्हणालात तरी पैसे तुमचे. कळसूबाई रविवारी अंधार असतानाच पायथ्याच्या बारी गावातून सुरू, कारण आठनंतर शिड्यांवर जी रांग लागते त्यात पावसाची सर आली तर वरचे वर आणि खालचे खाली. रविवारी दुपारी रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, त्याला कोणाचीच हरकत नव्हती. कयाकिंगवर काट मारायला पक्या तयार नव्हता, म्हणे पाणी बघून ठरवू, लाईफ जॅकेट तर देतातच ना.

सच्याने विचारलं, 35 मधल्या किती जणांना पोहता येतं? पक्याने मोबाईल काढून तो गुगल फॉर्म उघडला. त्यात व्हेज-नॉनव्हेज विचारलेलं, टी-शर्टची साईझ विचारलेली, रूम कोणाबरोबर पाहिजे ते पण. पोहण्याचा प्रश्नच नाही. मग तिथेच बसून नवीन फॉर्म केला, सच्याने त्यात दमा आणि बीपी घालायला लावलं, भाऊंनी "दारू आणणार का" घालायला लावलं, आणि त्या प्रश्नाला ऑफिसातलं कोणी खरं उत्तर देईल का यावरून पुन्हा नव्याने सुरू झालं.