शिळं थेट प्रक्षेपण

२०२४ साली, १ ऑगस्टच्या गुरुवारी, महाराष्ट्राला ७२ वर्षांनी ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक मिळालं आणि ते मला बटणाच्या फोनवरून कळलं. फोनसुद्धा माझा नव्हता. माझ्या हातात त्या वेळी २८ हजारांचा मोबाइल होता, त्यात दिवसाला २ जीबीचा पॅक होता, आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकोनात 'लाइव्ह' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. त्या लाल चौकोनावर माझा अजून राग आहे.

कोल्हापूरचं काम उरकून सकाळी १० च्या बसनं पुण्याला निघालो होतो. दुपारी १ वाजता स्वप्निल कुसाळेची ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी. आदल्या दिवशी ५९० गुण करून तो सातवा आला होता आणि आठ जणांच्या फेरीत शिरला होता. तिकीट काढतानाच मी हिशेब मांडला होता. रस्त्याचं काम आणि डायव्हर्जन धरून १ वाजता सातारा. तोवर डोळे मिटून पडायचं, मग खिडकीला डोकं टेकवून, कानात इअरफोन घालून, कुणाशी एक शब्द न बोलता इतिहास बघायचा.

खिडकी कोल्हापुरातच गेली.

"बाळा, मला वकाऱ्या हुत्यात. जरा हिकडं सरक."

नऊवारीतल्या आज्जी, मांडीवर बोचकं, पायाशी तांदळाची पिशवी. पुण्याला लेकीकडं निघाल्या होत्या. वकारीचं नाव काढल्यावर कुठला शहाणा माणूस वाद घालेल? सरकलो. पुण्यापर्यंत त्यांना एकदाही वकारी आली नाही, हे नोंदवून ठेवतो.

कराड आलं तेव्हा डोळा उघडला. गोळेश्वर इथं लगतच. तिथल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य मिळवलं, त्यानंतर आपल्या राज्याची वैयक्तिक पदकाची पाटी कोरीच होती. तेव्हा आपल्याकडं टीव्ही नव्हता. दूरदर्शनचे पहिले प्रयोग दिल्लीत झाले तेच मुळी १९५९ साली. खाशाबा परत आले तेव्हा स्टेशनावरून गावापर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली म्हणतात. म्हणजे थेट प्रक्षेपण नसतानाही १५१ गाड्या जुंपण्याइतपत बातमी पोचली होती. माझ्यापर्यंत मात्र ती सहा इंचांच्या पडद्यातून वेळेवर पोचेना, त्याचीच ही रडकथा.

१ वाजला. ॲप उघडलं. सिमेंटची जाहिरात. मग पंख्याची. मग परत तीच सिमेंटची, बहुधा भिंत अजून ओली होती. मग स्टुडिओ. स्टुडिओत सूटबूट घातलेले चार जण बसून स्वप्निलवर दडपण किती असेल यावर बोलत होते. तिकडं तो बिचारा गुडघ्यावर बसून गोळ्या झाडायला लागला होता, आणि हे त्याच्या दडपणावर बोलत होते! अखेर चित्र आलं. पॅरिस म्हणायचं एवढंच, नेमबाजी होती शातोरूला. हिंजवडीला आपण पुणे म्हणतो तसं, फक्त अंतर अडीचशे किलोमीटरच्या वर.

"काय बगायलाईस?"

"नेमबाजी, आज्जी. ऑलिंपिक."

"आपलं कोन हाय?"

"स्वप्निल कुसाळे. कोल्हापूरचाच. राधानगरी तालुक्यात कांबळवाडी म्हणून..."

"मला सांगतूस व्हय कांबळवाडी? आमच्या थोरल्या जावंचं म्हायार त्याच अंगाला हाय. ते कानातलं काड की. आमालाबी ऐकू दे."

काढलं. आज्जी मोबाइलवर वाकल्या. मला वाटलं, दोन मिनिटांत कंटाळतील. नेमबाजीइतका शांत खेळ दुसरा नाही. आठ माणसं जाडजूड कोट घालून उभी असतात आणि कुणीच कुणाच्या अंगावर धावून जात नाही.

"हे गुडघ्यावर का बसल्यात?"

"आधी गुडघ्यावर बसून १५ गोळ्या, मग पालथं पडून १५, मग उभं राहून."

"उलटंच की रं. मानूस आदी पालथं पडतंय, मग रांगतंय, मग उबं ऱ्हातंय."

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाला हे अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

मी उत्साहानं माहिती पुरवायला लागलो, तीच चूक झाली. म्हटलं, आज्जी, निशाण ५० मीटरवर आहे आणि मधलं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. "म्हंजे?" म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. आज्जींनी माझ्या शर्टाच्या गुंडीकडं बराच वेळ पाहिलं, मग खिडकीबाहेर ५० मीटरवरच्या उसाकडं पाहिलं, आणि कमरेच्या पिशवीतून फोन काढला. काळा, बटणाचा, रबरबँड लावलेला.

"आरं ए! टीवी लाव. आपल्या कांबळवाडीचं पोरगं गुंडी फोडाय लागलंय. लाव, आन् मला सांगत ऱ्हा."

पलीकडं नातू. फोन स्पीकरवर. खरी छळवणूक इथून सुरू झाली.

माझ्या पडद्यावर स्वप्निल श्वास सोडतोय, गाल रायफलीला टेकवतोय, माझाही श्वास अडकलेला. एवढ्यात आज्जींच्या हातातून नातू ओरडतो, "दहाच्या वर पडली!" मी पडद्याकडं बघतो. गडी अजून श्वासच सोडतोय. मग बराच वेळ काहीच नाही. ड्रायव्हर एका ट्रकला ओव्हरटेक करतो, आज्जी शेंगदाण्याची पुडी सोडतात, मला दोन देतात. आणि मग माझा स्वप्निल गोळी झाडतो. दहाच्या वर.

"बग," आज्जी म्हणाल्या. "म्हनलं नव्हतं?"

प्रत्येक गोळीला हेच. मागच्या सीटवरच्या दोन कॉलेजच्या पोरांना नातू ऐकू येत नव्हता, आज्जी तेवढ्या ऐकू येत होत्या. आज्जी म्हणायच्या, "आता जरा कमी पडंल," आणि थोड्या वेळानं माझ्या मोबाइलवर कमी पडायचे. पोरं सीटवरून उठून आज्जींकडं बघायला लागली. त्यातल्या एकानं भीत भीत विचारलं, "आज्जी, माझा बारावीचा पेपर..."

"मी काय देवरुशी न्हाई. माजा नातू हाय."

मी घड्याळ लावून पाहिलं. नातू माझ्या ४० सेकंद पुढं होता. याचं कारण मला माहीत आहे आणि माहीत असल्यानं त्रास दुप्पट होतो. राधानगरीच्या घरावरची छत्री उपग्रहाकडं बघत बसलेली असते. तो उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, पण चित्र वर जाऊन खाली यायला पाव सेकंद पुरतो. ॲपवाले मात्र त्याच चित्राचे चार-सहा सेकंदांचे तुकडे करतात, तुकडे सर्व्हरवर ठेवतात, आणि अडखळायला नको म्हणून माझा मोबाइल आधी चार तुकडे घरात भरून घेतो, मग पहिला दाखवतो. वाण्याकडून महिन्याचं सामान भरावं तसं. दाखवतो ती भाजी परवाची आणि पाटी 'ताजी'. निदान 'नुकतंच घडलेलं' असं तरी लिहा. आमच्या कोपऱ्यावरचा वडेवालासुद्धा दुसऱ्यांदा तळलेला वडा 'गरम' म्हणून देतो, 'ताजा' म्हणत नाही.

गुडघ्याची फेरी संपली तेव्हा स्वप्निल सहावा होता, पालथं पडून पाचवा झाला. म्हणजे आज्जींचा झाला. माझा अजून सहावाच होता.

मला १९८२ आठवलं. एशियाडच्या वर्षी देशात रंगीत टीव्ही आला. आमच्या पुण्यातल्या वाड्यात एकाच बिऱ्हाडाकडं रंगीत संच होता आणि हॉकीच्या अंतिम सामन्याला अख्खा वाडा त्यांच्या खोलीत, आम्ही पोरं पार पलंगाखाली. पाकिस्ताननं आपल्याला ७-१ असं हरवलं. सातच्या सात गोल मी पलंगाखालून रंगीत पाहिले. पण एक सांगतो, प्रत्येक गोल सगळ्यांनी एकदमच पाहिला. 'हाय रे' एकदमच निघालं, एकाच क्षणी, पलंगावरून आणि पलंगाखालून. ते 'हाय रे' आता होत नाही. आता आमच्या सोसायटीत एक 'हाय रे' केबलवाल्याकडून निघतं, थोड्या वेळानं दुसरं वायफायवाल्याकडून, आणि शेवटचं चौथ्या मजल्यावरून, तोवर खालचे जेवायला बसलेले असतात.

सातारा मागं पडलं. उभं राहून झाडायच्या गोळ्या सुरू झाल्या. आता कंडक्टरही आज्जींपाशी येऊन थांबला होता. त्याला कुणीतरी सांगितलं की स्वप्निल मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस आहे, तेव्हापासून त्याचा उर भरून आला होता. "आपल्या लाइनीतलाच म्हणा की!" असं त्यानं पुढच्या प्रत्येक सीटला जाऊन सांगितलं. ४० गोळ्यांनंतर दोघं बाहेर गेले आणि स्वप्निल तिसरा होता. बसमध्ये टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण माझ्याकडं त्या वेळी पंख्याची जाहिरात चालू होती. होय, मधेच! गोळ्यांच्या मधे!

आता एकेका गोळीला एकेक जण बाहेर जाणार. चौथा कोण ते ठरलं की पदक पक्कं. पुढं खंबाटकीचा डोंगर दिसायला लागला.

पुण्याहून येताना तेव्हा घाट चढावा लागायचा, पण पुण्याकडं जाताना बोगदा. मी हा बोगदा शंभरदा ओलांडलाय. त्यात रेंज नसते हे मला ठाऊक होतं, आणि तरीही सकाळच्या माझ्या हिशेबात तो नव्हता. बस आत शिरली. माझं चित्र थिजलं, स्वप्निलचा डोळा अर्धा मिटलेला. नातूही "आज्जे, आता..." म्हणून तुटला. अंधार. पहिल्यांदाच आज्जी आणि मी बरोबरीत आलो, याचा मला थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

बाहेर आलो आणि रबरबँडवाला फोन वाजला.

"आज्जे, मेडल! मेडल पक्कं झालं!"

बस उसळली. कंडक्टरनं घंटी ओढली, तीही तीनदा. पोरांनी आज्जींच्या पायांवर डोकी ठेवली, जसं काही त्यांनीच नेम धरला होता. आज्जींनी बोचकं सोडून लेकीसाठी केलेले लाडू वाटायला काढले. मी मोबाइल धरून बसलो होतो. चक्र फिरत होतं. मग अक्षरं आली, "तुम्ही अजून पाहत आहात का?"

पाहतोय, बाबा. तुझ्याशिवाय पाहिलं असतं तर केव्हाच पाहून झालं असतं.

हो म्हटल्यावर सिमेंट. सिमेंटनंतर चित्र सुरू झालं ते बोगद्याच्या अलीकडं थांबलं होतं तिथून. स्वप्निलचा डोळा अर्धा मिटलेला. मी लाडू हातात धरून परत श्वास रोखला, कारण एवढं बघायला मी सकाळपासून जीव टाकला होता. आज्जी वाकल्या, क्षणभर बघितलं आणि मान हलवली.

"हे शिळं झालं रं. ताजं काय हाय का बग."

ताजं बघायला म्हणून मी 'लाइव्ह' दाबलं, तर स्वप्निल आणखी एक गोळी झाडून ४५१.४ गुणांवर थांबला होता, आणि पदक पक्कं झाल्यावर ॲपवाले सरळ स्टुडिओत परतले होते. चौघं सूटवाले आता आनंदावर बोलत होते. शेवटची, सुवर्ण ठरवणारी गोळी दाखवलीच नाही. आपला माणूस बाहेर पडला की आपल्याकडं खेळ संपतो. चीनच्या लिउ युकुननं सुवर्ण घेतलं आणि युक्रेनच्या सेर्ही कुलिशनं रौप्य, हे मी शुक्रवारी पेपरात वाचलं. हो, पेपरात, १९५२ सारखं.

स्वारगेटला उतरलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. आज्जींची तांदळाची पिशवी मी खाली उतरवून दिली. लेक घ्यायला आली होती. आज्जींनी तिला पहिलं वाक्य सांगितलं, "पदक मिळालं. ह्या पोराला उशिरा कळलं."

एवढ्यात माझ्या खिशात मोबाइल थरथरला. ॲपचा निरोप होता.

"स्वप्निल कुसाळेची अंतिम फेरी थोड्याच वेळात! हा ऐतिहासिक क्षण चुकवू नका."